काटा काय सांगतो ते ऐका

६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, २० मार्चला महाड आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी. आपल्या समाजाचे वर्ष या वाटांनी बांधलेले आहे. आपल्या आई-वडिलांनी या वाटा पायी, रेल्वेने आणि ट्रकच्या हौद्यात उभे राहून तुडवल्या. आता अनेक विहार समित्यांनी आणि मंडळांनी वर्गणी काढून जुन्या डिझेल व्हॅन घेतल्या आहेत. त्याच व्हॅनमधून रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात जाते, पोरे स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर जातात. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु गाडी घेताना जेवढा उत्साह असतो तेवढा ती सांभाळताना दिसत नाही. म्हणून या वेळी आम्ही एका किरकोळ वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. तो विषय म्हणजे इंजिनाचे मीटर.

किरकोळ का नाही, ते सांगतो. गेल्या वर्षी २० मार्चला महाडहून परतताना आमच्या मंडळाची गाडी ताम्हिणी घाट चढत होती. चढाच्या सुरुवातीलाच ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "गाडी गरम होतेय, थांबू या." शेजारी बसलेले दोन पदाधिकारी म्हणाले, "दिवा कुठे लागलाय? चल पुढे." दिवा लागला तेव्हा हेड गॅस्केट जळून गेले होते. चौदा माणसे, त्यांत सहा वृद्ध उपासिका, तीन तास रस्त्याच्या कडेला बसून राहिली. पाण्याच्या हक्काच्या ठिकाणाहून आलेल्या त्या माऊल्यांजवळ प्यायला घोटभर पाणी उरले नव्हते. पुढे बैठकीत सगळा दोष ड्रायव्हरवर आला. त्याच्या पगारातून खर्च कापावा, अशीही सूचना निघाली. त्या पोराने धोका आधीच सांगितला होता, याची आठवण बैठकीत महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी करून दिली.

मुद्दा असा, की ड्रायव्हरजवळ अनुभव होता, पण पुरावा नव्हता. गरीब माणसाच्या अनुभवाला आपल्या समाजातही किंमत मिळत नसेल, तर निदान सर्वांना दिसेल असा पुरावा त्याच्यासमोर असला पाहिजे. मीटर हा तो पुरावा आहे.

आता मूळ गाडीत दिवे असतात, मग वेगळे मीटर कशाला? तर दिवा हा शेवटचा निरोप असतो. ऑइलचा लाल दिवा साधारणपणे दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. तोवर बेअरिंगची झीज सुरू झालेली असते. पाण्याच्या तापमानाचा कंपनीचा काटाही पुष्कळ गाड्यांत असा बसवलेला असतो, की बऱ्याच अंशांच्या फरकात तो मध्यावरून हलतच नाही. आकडे असलेला मीटर मात्र नेहमीच्या जागेवरून सरकला, की लगेच कळते.

तीन मीटर पुरेत. पहिला पाण्याच्या तापमानाचा. थर्मोस्टॅट बहुधा ८२ ते ८८ अंशांना उघडतो. त्यामुळे धावत्या गाडीत काटा ८० ते ९५ च्या दरम्यान राहावा. १०५ च्या पुढे जाऊ लागला तर गाडी बाजूला घ्यावी. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचे झाकण आहे, हे भगिनींना समजावून सांगायला नको. दाबामुळे आतले पाणी शंभरावरही उकळत नाही, म्हणून गरम असताना झाकण उघडले तर तोंड भाजते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी पूर्ण गळून गेले तर सेंडर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. अचानक खाली आलेला काटा ही शुभवार्ता नव्हे.

दुसरा ऑइलच्या दाबाचा. थंड इंजिनात दाब जास्त दिसतो. गरम इंजिन जागेवर चालू असताना तो एक बारच्या आसपास आणि रस्त्यावर दोन ते चार बार दिसला, तर बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत ठीक समजावे. काही मीटरवर पीएसआय लिहिलेले असते. सुमारे साडेचौदा पीएसआय म्हणजे एक बार.

तिसरा व्होल्टमीटर. बारा व्होल्टची चांगली बॅटरी बंद गाडीत १२.६ दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू गाडीत आकडा साडेबाराच्या खाली राहिला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. पुष्कळ गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून बेल्ट तुटला तर हा काटा तापमानाच्या काट्याच्या आधी बोलतो. जुन्या पद्धतीचा अँपिअर मीटर घेऊ नये. त्यासाठी चार्जिंगचा सगळा प्रवाह जाड वायरीने डॅशबोर्डात आणावा लागतो आणि ती घासली तर आग लागते.

निवड करताना मेकॅनिकल की इलेक्ट्रिक, हा प्रश्न येतो. मेकॅनिकल ऑइल मीटर अचूक असतो, पण त्याच्या बारीक नळीतून गरम ऑइल थेट केबिनमध्ये येते. नळी फुटली तर ड्रायव्हरच्या पायावर. माणसे वाहणाऱ्या गाडीत इलेक्ट्रिकच घ्यावा. मात्र मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे घ्यावेत. सेंडर आपला विद्युत रोध बदलून काटा हलवतो आणि हा रोध प्रत्येक बनावटीत वेगळा असतो. एकाचा मीटर व दुसऱ्याचा सेंडर लावला, तर काटा हलेल, पण खोटे बोलेल.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. ऑइलचा मूळ दिवा काढून टाकू नये. टी जोडून दोन्ही ठेवावेत. लांब टी इंजिनाच्या थरथरीने मानेशी तुटते, म्हणून लवचिक होज टाकून टी बॉडीला क्लॅम्प करणे चांगले. आटे जुळत नसतील तर जोर लावू नये, योग्य अॅडॉप्टर आणावा. पुष्कळ सेंडरांना अर्थ अंगातूनच मिळते, म्हणून आट्यांवर टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळू नयेत. तापमानाचा सेंडर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला बसवावा. जागा नसल्याने तो पाण्याच्या होजमध्ये बसवला, तर रबरातून अर्थ मिळत नाही, तेव्हा वेगळी अर्थ वायर द्यावी. वीज चावी फिरवल्यावरच येणाऱ्या वायरीवरून, छोटा फ्यूज घालून घ्यावी. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावायचे विसरू नये.

ज्यांच्या गाड्या २०२० नंतरच्या बी.एस. ६ प्रकारच्या आहेत, त्यांनी मात्र वायरिंगला कात्री लावू नये. त्या गाडीत संगणक असतो. तिच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये छोटे यंत्र लावून तापमान व व्होल्ट वाचता येतात.

आमच्या मंडळात या खर्चाला विरोध झाला. जयंती तोंडावर आहे, रोषणाई आधी, असे काहींचे म्हणणे होते. आम्ही हिशेबाची वही पुढे ठेवली. तीन मीटर आणि मजुरी मिळून जयंतीच्या एका संध्याकाळच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यापेक्षा कमी होती. घाटात जळलेल्या इंजिनाचे बिल त्याच वहीत आधीच्या पानावर होते. ठराव मंजूर झाला. पगार कापण्याची सूचना मागे घेतली गेली.

दुकानदाराच्या शब्दावरही कोणी विसंबले नाही. अध्यक्षाबाईंनी विहारातल्या शेगडीवर पातेले ठेवले, वायरिंगवाल्याने मीटर बॅटरीला जोडला, सेंडरच्या अंगाला अर्थ दिली आणि त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरले. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काटा तिथेच येऊन थांबला, तेव्हा मीटर गाडीत गेला. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पारखून घ्या, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण वंदनेनंतर ऐकतो. तो पातेल्यापाशीही लागू पडतो.

बाईंची दुसरी सूचना आम्हाला अधिक मोलाची वाटली. मीटर ड्रायव्हरपुरते न बसवता डॅशबोर्डच्या मध्यावर बसवावेत, म्हणजे शेजारी बसणाऱ्यालाही दिसतील आणि पुन्हा कोणी "दिवा कुठे लागलाय" असे म्हणणार नाही. तसे केले. गाडीत एक वहीही ठेवली आहे. प्रत्येक थांब्यावर तिन्ही आकडे त्यात लिहायचे. आणि समितीने लेखी ठराव केला आहे, की काटा ठरलेल्या आकड्यापुढे गेला तर गाडी थांबवण्याचा अधिकार ड्रायव्हरचा. त्या वेळी अध्यक्षांचेही चालणार नाही.

ज्या मंडळांकडे गाडी आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि बैठकीला ड्रायव्हरला बोलवावे. त्याला खुर्ची द्यावी आणि पहिल्यांदा त्याचे ऐकावे.

जयभीम!