शाळा उघडण्याआधी मुलांचं गणित एकदा तपासा

नागभीड तालुक्यातील पालकहो, गुरुजनहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

तेंदूपत्त्याच्या हंगामात आपली आठ-नऊ वर्षांची पोरंही आईशेजारी बसून ७० पानांचं पुडकं बांधतात. शंभर पुडक्यांचे पैसे किती, हेही कित्येक जण तोंडी सांगतात. त्यांनाच पाटीवर ५२ वजा २७ मांडून द्या. बरेच जण ३५ लिहितील. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. पोर आळशी नाही. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, हे त्याच्या मनात बसलेलंच नाही. अशा उत्तरावर लाल फुली मारून काय साधणार? "कसं केलंस, सांग बरं," असं विचारा. कुठे अडलं ते पोरच दाखवील.

'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त ३०.७ टक्के मुलांना साधा भागाकार जमला. २०२५ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात चोख हिशेब करणारी मुलं वहीतल्या गणितात अडखळतात, आणि शाळेत शिकणारी बाजारच्या हिशेबात, असं त्यात दिसलं. तेंदूच्या फळीवरचं गणितही आपोआप वहीत उतरत नाही. ते मोठ्यांनी जोडून द्यावं लागतं.

तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान यावं, यासाठी केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानानं २०२६-२७ ची मुदत ठरवली आहे. ती वाट पाहणारी नाही.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी गावोगावी एक संध्याकाळ काढा. एकेका मुलाला शेजारी बसवून ९९ पर्यंतचे आकडे वाचायला द्या, मग हातच्याची वजाबाकी, मोठ्यांना भागाकार. गुण देऊ नका, चारचौघांत नाव घेऊन तर मुळीच बोलू नका. अडलं ते कागदावर टिपा आणि गुरुजींच्या हाती द्या. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. ५२ मधून २७ काढताना एक जुडी सोडावीच लागते, आणि हातचा म्हणजे काय ते मुलाला डोळ्यांनी दिसतं. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींनो, सुट्टीत रोज अर्धा तास या मुलांना द्या.

आणि सरपंचांनो, हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.