कळल्यानंतरची वीस वर्षे

पर्यावरणावरच्या बहुतेक भाषणांत एक गृहीतक निमूटपणे वावरत असते. लोकांना माहिती नाही म्हणून निसर्गाचा नाश होतो. माहिती पोहोचली की जबाबदारीची जाणीव आपसूक उगवेल, असे ते गृहीतक. शाळांतील फलक, सप्ताह, प्रभातफेऱ्या, निबंधस्पर्धा या साऱ्यांचा डोलारा त्यावरच उभा आहे. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी भारतात एक उदाहरण हाताशी आहे आणि त्यातील तारखा राजपत्रांत व संशोधनपत्रिकांत छापलेल्या असल्यामुळे कोणालाही नाकारता येण्यासारख्या नाहीत. ते उदाहरण गिधाडांचे.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. दहा वर्षांनी हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. पक्षी फांदीवर मान टाकून बसत आणि काही दिवसांनी झाडाखाली मरून पडलेले सापडत. पुढे देशभरातील गणनांतून जे चित्र उभे राहिले ते पक्षिशास्त्राच्या इतिहासात क्वचितच दिसले असेल. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या आणि सडपातळ चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या घरात गेली. एकेकाळी ज्यांची संख्या कोटींत मोजली जाई, ते पक्षी हजारांत मोजावे लागू लागले.

कारण कोणालाच ठाऊक नव्हते. संसर्गजन्य विषाणूचा संशय सर्वांत बळकट होता. कीटकनाशकांकडेही बोट दाखवले गेले. उत्तर मिळाले ते सीमेपलीकडच्या पंजाबातून. पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मृत गिधाडांची शवविच्छेदने केली, तेव्हा बहुसंख्य पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाच्या पांढऱ्या स्फटिकांचा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण होती. मूत्रपिंडे निकामी झालेले जे २५ पक्षी तपासले, त्या सर्वांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकाच्याही शरीरात ते नव्हते. विज्ञानात इतका स्वच्छ निकाल वारंवार मिळत नाही. २००४ च्या आरंभी हा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासगटाने गणित मांडले की, दर ७६० मृत गुरांपैकी एकापासून दर १३० पैकी एकापर्यंत, एवढ्याच शवांत प्राणघातक मात्रा असली तरी संपूर्ण ऱ्हासाचा हिशेब लागतो. एका शवावर डझनावारी गिधाडे उतरतात. एकच विषारी शव पुरे होते.

हे ज्ञान हाती आल्यावर जबाबदारीच्या कल्पनेचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मुळाशी असलेला गुन्हेगार ओळखीचा आहे. त्याच्या हाती बंदूक, सापळा नाहीतर विष असते आणि मनात हेतू असतो. गिधाडांच्या बाबतीत असा माणूस कोठेच नव्हता. शेतकऱ्याने लंगडणाऱ्या बैलाला सुई टोचून घेतली ती त्याची वेदना कमी व्हावी म्हणून. पशुवैद्याने औषध लिहून दिले ते गुणकारी आणि स्वस्त होते म्हणून. जनावर तरीही दगावले, तेव्हा ते गावाबाहेर टाकण्यात आले; पिढ्यान्‌पिढ्या तीच रीत होती आणि आरोग्याच्या दृष्टीने ती शहाणपणाचीही होती. या साखळीत क्रूर असा एकही माणूस नाही. शिवाय भारतीय समाजाला आपल्या ज्या करुणेचा अभिमान वाटतो, म्हाताऱ्या गुराला कसायाकडे न पाठवता शेवटपर्यंत सांभाळण्याच्या त्या करुणेतूनच विषाचे हे ताट वाढले गेले. दयेतून घडलेला हा संहार समजून घ्यायला जुनी नीती अपुरी पडते. हेतू शुद्ध असेल तर दोष नाही, असे ती सांगते.

२००४ पर्यंत ही सबब खरी होती. त्यानंतर ती प्रत्येकाला सारख्याच हक्काने वापरता येत नाही, कारण कळणे सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नाही. बाडमेरच्या गुराख्याला मूत्रपिंडाच्या ऊतींचा अहवाल वाचायला मिळत नाही. औषध नियंत्रकाला मिळतो. उत्पादक कंपनीच्या संशोधन विभागाला तर तो मिळायलाच हवा. ज्ञान जसे विषम वाटले जाते तशीच जबाबदारीही विषम वाटली गेली पाहिजे. येथेच ‘मानवजातीची जबाबदारी’ हा भारदस्त शब्दप्रयोग अनेकांच्या कामी येतो. आठशे कोटी माणसांत वाटलेला दोष कोणाच्याही खांद्याला जाणवत नाही. गुराखी आणि नियंत्रक एकाच वाक्यात ‘आपण सारे’ होऊन बसतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गिधाड जागृती दिन उत्साहाने साजरा होतो.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. शोधानंतर दोन वर्षांत आलेली ही बंदी श्रेयाचीच म्हटली पाहिजे. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी दाखवले. पण माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्यांत विकले जातच राहिले. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर लागते. मोठी कुपी कोणासाठी होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. ती कुपी बंद व्हायला २०१५ उजाडले. त्यावरही काही औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने बंदी उचलून धरली.

दरम्यान डायक्लोफेनॅकची जागा त्याचेच भाऊबंद घेत होते. केटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲसिक्लोफेनॅक गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. म्हणजे बंदी घातलेले विष नाव बदलून दारात उभे होते. या दोन्ही औषधांवर जनावरांच्या वापरापुरती बंदी आली ती ३१ जुलै २०२३ रोजी. शेजारच्या बांगलादेशाने केटोप्रोफेन देशभर बंद केले ते त्याआधी दोन वर्षे, २०२१ मध्ये. निमेसुलाइडवरची बंदी २०२४ च्या अखेरीस आली. केटोप्रोफेनच्या बाबतीत कळणे आणि करणे यांत चौदा वर्षे गेली. त्या चौदा वर्षांत कोणती माहिती कमी पडली, याचे उत्तर जनजागृतीच्या पुरस्कर्त्यांनी द्यावे.

या विलंबाची किंमत फक्त पक्ष्यांनी मोजली असती, तर ‘माणसे आधी की गिधाडे’ हा नेहमीचा प्रश्न फेकून विषय संपवता आला असता. तो मार्गही २०२४ मध्ये बंद झाला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील निबंधात, गिधाडांना पोषक असलेले भारतातील जिल्हे आणि तसे नसलेले जिल्हे यांतील मृत्युदरांची ऱ्हासापूर्वीची आणि नंतरची तुलना केली. गिधाडे गेल्यावर पहिल्या गटात मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. शवे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला, पाणी दूषित झाले. सांख्यिकीय अंदाजावर वाद घालता येतो आणि घालावाही. पण काही तासांत एक अख्खे शव हाडांपर्यंत साफ करणारी फुकटची यंत्रणा नाहीशी झाल्यावर माणसांचे काहीच बिघडले नसेल, असे म्हणणाऱ्यालाच आता पुरावा द्यावा लागेल.

या निबंधाने ज्ञानाची आणखी एक पायरी ओलांडली. १९९० च्या दशकात गिधाड हा अमंगळ पक्षी होता, २००४ नंतर तो बळी ठरला. २०२४ नंतर तो सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा न नेमलेला कर्मचारी आहे. त्यामुळे पशुवैद्यकीय वेदनाशामकाच्या परवान्याचा निर्णय हा वनखात्याच्या कोपऱ्यातला विषय राहत नाही; माणसांच्या आरोग्याशी त्याची गाठ पडते.

आक्षेप घेणारे गरीब पशुपालकाला पुढे करतात. स्वस्त औषध काढून घेतले तर त्याने काय करावे, असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक असता तर उत्तर सोपे होते. मेलॉक्सिकॅमवर पेटंटचा अडसर नाही. ते सुरुवातीला महाग होते आणि खप वाढला तशी त्याची किंमत उतरली. टोल्फेनॅमिक आम्लही चाचण्यांत सुरक्षित ठरले आहे. गुराची वेदना आणि गिधाडाचा जीव यांत निवड करण्याची वेळ आलेलीच नाही. गरिबाच्या नावाने जपला जातो तो दुकानातला साठा.

हा दोष केवळ भारताच्या माथी मारता येणार नाही. स्पेनने २०१३ मध्ये, म्हणजे भारतीय उपखंडातील संहाराचे कारण जगजाहीर होऊन नऊ वर्षे झाल्यावर, जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. युरोपातील बहुतांश गिधाडे त्याच देशात राहतात. तेथील नियंत्रकांनी भारताचा अनुभव वाचला नव्हता असे मानणे कठीण आहे. आपल्याकडे मृत गुरांची विल्हेवाट नियमांनुसार होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०२१ मध्ये डायक्लोफेनॅकने मेलेल्या काळ्या गिधाडाच्या पिलाची नोंद तेथेच झाली. श्रीमंत देशातही ज्ञान आपल्या पायांनी चालत परवाना कार्यालयात जात नाही.

उपाय कागदावर आहे, हीच यातली संतापजनक बाब. केंद्राच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यात स्पष्ट लिहिले आहे की, एखादे औषध गिधाडांना घातक ठरल्यास ते पशुवैद्यकीय वापरातून आपोआप हटवणारी यंत्रणा औषध महानियंत्रकांनी उभारावी. ‘आपोआप’ हा शब्द तेथे महत्त्वाचा आहे. त्यानंतरच्या २०२३ आणि २०२४ च्या बंदी मात्र नेहमीच्याच वाटेने आल्या: तक्रार, समिती, शिफारस, मग एकेका रेणूसाठी वेगळी अधिसूचना. एका कुळातील दोन-तीन औषधे मूत्रपिंडे निकामी करतात हे दिसल्यावर त्या कुळातील प्रत्येक नवे औषध निर्दोष मानून बाजारात सोडायचे आणि मृत पक्षी सापडण्याची वाट पाहायची, याला सावधगिरी म्हणत नाहीत. सुरक्षिततेचा पुरावा विक्रीपूर्वी मागायला हवा आणि तो विकणाऱ्याकडून मागायला हवा.

घाईचे कारण जीवशास्त्रात आहे. जिप्स कुळातील गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. हरयाणातील पिंजोरसारख्या प्रजनन केंद्रांत वाढवलेला एकेक पक्षी वर्षानुवर्षांच्या कष्टाचा असतो. तो मोकळ्या आभाळात सोडला जातो तेव्हा खाली उतरण्यासाठी त्याला कोणते शव मिळेल आणि त्या गुराला शेवटच्या आठवड्यात कोणती सुई टोचली गेली असेल, यावर सारे अवलंबून राहते. फ्लुनिक्सिनचा अंश आणि तशाच निकामी मूत्रपिंडांची खूण असलेले ग्रिफन गिधाड स्पेनमध्ये सापडल्याची नोंद दहा वर्षांपूर्वीची आहे. २०२३ आणि २०२४ च्या भारतीय अधिसूचनांत फ्लुनिक्सिनचे नाव नव्हते.