फ्रीजचा गॅस संपत नसतो

मे महिन्यात आमच्या अल्लीपुरात फ्रीज बंद पडला की घरातल्या सगळ्यांचा जीव कासावीस होतो. मेकॅनिक म्हणतो, "गॅस संपला." आपण पैसे मोजून गॅस भरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. हा गॅस करतो तरी काय, ते आधी पाहू.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो. पुष्कळांना वाटते, घासून तापला. घर्षणाचा वाटा असतो, पण थोडा. खरी गोष्ट गल्लीतल्या क्रिकेटसारखी आहे. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जोरात परततो. बॅट मागे घेतली तर तो पायाशीच मरतो. हवेचे कण म्हणजे असेच अगणित चेंडू. दट्ट्या आत शिरला की कण जास्त वेगाने परततात, आणि कणांचा वेग वाढणे म्हणजेच तापमान वाढणे. दाबलेली हवा पसरताना दट्ट्याला मागे ढकलते, त्यात कणांचा वेग खर्च होतो आणि ती गार होते. शेतातल्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लग लागत नाही तो यामुळेच. डिझेल इंजिनात हवा दाबून ५०० अंशांपलीकडे तापते आणि डिझेल आत पडताच पेटते.

आता फ्रीज. खोलीत ४५ अंश असताना आतली उष्णता बाहेर टाकायची कशी? उष्णता तर गरमाकडून गाराकडेच जाते. म्हणून कॉम्प्रेसर गॅस दाबून त्याला खोलीपेक्षाही गरम करतो. मग तो मागच्या जाळीतून किंवा फ्रीजच्या बाजूंतून उष्णता खोलीला देतो आणि त्याचा द्रव होतो. पुढे बारीक नळीतून जाताना दाब पडतो. हा द्रव उकळतो आणि वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो. वाफ परत कॉम्प्रेसरकडे. तेव्हा बाजू गरम लागल्या म्हणून घाबरू नका, फक्त फ्रीज भिंतीला चिकटवू नका.

या फेऱ्यात गॅस जळत नाही. चुलीच्या सिलिंडरसारखा तो संपायचा कसा? कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधा, बुजवा, मगच भरा, असे मेकॅनिकला बजावून सांगा. फ्रीजवरची पट्टीही वाचा. आर-६००ए लिहिले असेल तर तो आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, पेट घेणारा. काम चालू असताना खिडक्या उघड्या, शेगडी बंद आणि मुले दुसऱ्या खोलीत.