न्हाणींतील उजेड

नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे देवघर कोणत्या दिशेस असावें, बैठकीस खिडक्या किती असाव्या, ओटा कोठें घालावा, यांची चर्चा आपल्या कुटुंबांत चार-चार रात्री चालते. न्हाणीची आठवण मात्र अखेरीस होते आणि उरलेला कोपरा तिच्या वांट्यास येतो. वर्धा जिल्ह्यांत बोर अभयारण्याच्या वाटेवर हिंगणी हें गांव आहे. तशा गांवांतील एखादें जुनें कवेलूचें घर वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. परसाकडील न्हाणीला आढ्याजवळ वीतभर झरोका, आणि भर दुपारींही दिवा लावल्यावांचून आंतील घंगाळ दिसूं नये, असा प्रकार तेथें नवलाचा नाहीं.

हा अंधार अज्ञानानें आलेला नाहीं. स्नान करणाऱ्याची लाज राखावयाची तर भिंतीस भोंक नको, हा त्यामागील सरळ हिशेब होता. पण ह्या हिशेबाची किंमत कोणीं दिली, हें एकदां विचारलें पाहिजे. पुरुषमंडळी विहिरीवर उघड्यावर दोन तांबे अंगावर घेऊन मोकळी होत. अंधाराची न्हाणी उरली ती बायकांना. ओलसर भिंतींशेजारीं बाळंतिणीला न्हाऊं घालावें लागे, आणि शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरे तो घरांतील आजीबाईंचा. उतारवयांत मोडलेलें खुब्याचें हाड कित्येकांना पुन्हा पूर्वीसारखें चालूं देत नाहीं. लाज आणि उजेड यांपैकीं एकालाच घरांत जागा आहे, ही समजूतच आतां तपासून पाहिली पाहिजे.

कांचेची वीट हा त्या समजुतीवरील एक चांगला उतारा आहे. स्वित्झर्लंडमधील गुस्ताव्ह फाल्कोनिए नांवाच्या वास्तुविशारदानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुंकून केलेल्या पोकळ कांचविटा प्रचारांत आणल्या. पुढें पॅरिसमध्यें पिएर शारो यानें दाल्सास नांवाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरासाठीं एक घर बांधलें. तें १९३२ सालीं पुरें झालें. वरच्या मजल्यावरील वृद्ध भाडेकरूबाई जागा सोडीनात, म्हणून तो मजला तसाच अधांतरीं ठेवून खालीं नवें घर उभारलें, आणि त्याची दर्शनी बाजू जाड कांचेच्या तुकड्यांनीं भरली. जेथें रुग्ण स्त्रियांना आडोसाही हवा आणि डॉक्टरला उजेडही हवा, तेथेंच ही युक्ति उपयोगास आली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

कांच आपल्या लोकांना परकी नाहीं. पैशा-पैशाच्या वर्गणींतून तळेगांवचा पैसाफंड कांच कारखाना १९०८ सालीं उभा राहिला. १९१६ सालीं निघालेल्या ओगले कांच कारखान्याचा प्रभाकर कंदील पुढें घरोघर गेला. कंदिलाची कांच वारा अडवी, पण उजेड अडवीत नसे. न्हाणींतील कांचेच्या भिंतीनें त्याच धर्तीवर नजर अडवावी व उजेड सोडावा, एवढेंच आपलें मागणें आहे.

आतां बांधकामाविषयीं. बाजारांत नेहमीं मिळणारी वीट १९ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ८ सेंटिमीटर जाड असते. वजन सुमारें अडीच किलो. दोन वाट्या गरम असतांनाच जोडून ती करतात, म्हणून आंत पोकळी राहते. मातीची वीट गवंडी थापीनें तोडतो. ही तोडतां येत नाहीं. म्हणून विटांवरून जागेचें माप ठरवावें. सांधा एक सेंटिमीटरचा धरल्यास आठ विटांची रांग १५९ सेंटिमीटर होते. दोन्ही कडांस थोडी मोकळीक वेगळी ठेवावी.

गवंडी कितीही जुनाजाणता असला तरी त्याच्या हातच्या तीन संवयी येथें मोडाव्या लागतात. पहिली, विटा भिजविण्याची: कांच पाणी पीत नाहीं, म्हणून विटा कोरड्या आणि मसाला घट्ट हवा. दुसरी, सांधा चुकविण्याची: येथें सांध्यावर सांधा सरळ येतो, आणि त्यामुळें येणारी दुर्बलता घालविण्यासाठीं ठराविक थरांमागें सांध्यांत गंज न धरणारी सळई घालून तिचें टोंक बाजूच्या भिंतींत गुंतवावें, सळईचा कांचेस स्पर्श होऊं देऊं नये. तिसरी, भिंत वरपर्यंत ठासून भरण्याची: कांचेवर छपराचा भार कधींही देऊं नये. तो वरच्या लिंटलनें घ्यावा, आणि बाजूंस व माथ्यास मऊ पट्टी ठेवावी. वर्ध्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तापून फुगणाऱ्या भिंतीस सरकावयास जागा नसेल तर तडा जावयाचाच. याच कारणास्तव पश्चिमेची भिंत टाळून उत्तरेची निवडावी. एका दिवसांत थोडेच थर चढवावे, आणि विटांवरील मसाला वाळण्यापूर्वीं पुसून घ्यावा.

लाजेचा प्रश्न येथें पुन्हा येतो. धूसर कांचेंतून दिवसां बाहेरून कांहीं ओळखूं येत नाहीं. परंतु रात्रीं दिवा समोरच्या भिंतीवर असेल तर कांचेजवळ उभ्या माणसाची आकृति बाहेर उमटते. म्हणून विटा दाट लहरींच्या घ्याव्या, आणि दिवा कांचेच्याच बाजूस, उंचावर लावावा. कांच उजेड देते, वारा देत नाहीं. तेव्हां वरचा झरोका बुजवूं नये.

फवाऱ्याखालील जागेस उंबरठा ठेवूं नये. दर मीटरास दोन सेंटिमीटर ढाळ मोरीकडे द्यावा, खालीं पाणी न झिरपणारा थर घालावा, फरशी खरखरीत घ्यावी. आंत जाण्याची वाट आजीबाईंसह त्यांचा हात धरणारीही मावेल एवढी रुंद असावी. हाताचा गज पक्क्या भिंतींतच बसवावा, कांचेंत नव्हे.

याच जिल्ह्यांत सेवाग्रामची माती-बांबूची बापूकुटी आहे. तिच्या शेजारच्या मुलखांत कांचेची भिंत ही चैन नव्हे काय, असें कोणी विचारील. देखाव्यासाठीं केली तर चैनच. परंतु सबंध भिंतीची गरज नसते. दहा-बारा विटांची चौकटही लहानशी न्हाणी उजळते. चैन आणि गरज यांतील भेद ती खोली रोज वापरणारेंच माणूस सांगूं शकेल. गवंड्यास बोलावण्यापूर्वीं घरांतील वृद्धेस आणि गृहिणीस न्हाणींत काय दिसतें, काय दिसत नाहीं, तें विचारावें. विटांची संख्या त्या उत्तरावरून ठरवावी.