गाडी डावीकडे ओढते, दोष कुणीकडे?

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण सरकारी कारभाराला लावतो आणि मोकळे होतो. माझ्या मते ती आपल्या स्वतःच्या विचार करण्याच्या सवयीला अधिक लागू पडते. जिथे लक्षण दिसते तिथेच दोष असणार, असे आपण धरून चालतो. यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते इतिहासातले नाही की साहित्यातले नाही. ते आहे जुन्या मोटारीच्या पुढच्या ब्रेकचे. कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. माझे वडील, आमचे अण्णा, गाड्या दुरुस्त करतात आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सकाळी तर्कशास्त्राचा तास आणि संध्याकाळी गॅरेजातली हिशेबाची वही, अशी माझी दोन्हीकडची हजेरी असते. म्हणून या दोहोंची तुलना करण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजते.

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सर्वांत नवी ‘आठशे’सुद्धा दहा वर्षांच्या वरचीच. अशा गाडीचा मालक येतो आणि सांगतो, “ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. डाव्या चाकाचे काम करा.” इथेच पहिली चूक होते. ब्रेक दाबल्यावर गाडी वळते ती ज्या चाकाचा ब्रेक अधिक धरतो त्या बाजूला. डावे चाक आपले काम चोख करीत असते. बहुधा उजवेच कामचुकार असते. जो राबतो त्याच्यावर आळ आणि जो बसून राहतो तो निर्दोष! हा न्याय केवळ मोटारीतच चालतो असे नाही.

पण ‘उलट बाजूचा दोष’ हेही पाठ करून ठेवण्याचे सूत्र नव्हे. ब्रेक न दाबतासुद्धा गाडी डावीकडे जात असेल, तर प्रश्नच वेगळा. मग आधी दोन्ही टायरांतली हवा पाहावी. पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी लावून पाहावीत. ओढ डावीकडची उजवीकडे गेली, तर दोष टायरचा, ब्रेकचा नव्हे. ओढ तशीच राहिली तर अलाइनमेंट पाहावे, शिवाय डाव्या चाकाचा ब्रेक सुटतच नाही की काय, अशी शंका घ्यावी. थोडे अंतर गाडी चालवून दोन्ही चाकांजवळ हात नेला, तरी पुष्कळ कळते. हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. ज्या बाजूचा ब्रेक घासत राहिला असेल ते चाक तापलेले असते. ज्या बाजूचा धरतच नाही ते त्या मानाने थंड.

यानंतर गाडी जॅकवर. एकाने ब्रेक दाबून सोडायचा, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचे. ब्रेक सोडूनही चाक जाम राहिले, तर कॅलिपरवरचा ब्लीडर किंचित सैल करायचा. चाक लगेच मोकळे झाले, तर तेलाचा दाब मागे फिरत नव्हता, असा अर्थ. एकाच चाकाचे असे होत असेल तर रबरी होज आतून फुगून बंद झाल्याचा संशय घ्यावा. चाक तरीही जामच राहिले, तर पिस्टन किंवा कॅलिपरची पिन गंजून अडकली असणार. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा तसाच, असे दिसले तर ते बहुधा पिनेचे काम. पॅडवर तेल वा ग्रीस लागले आहे का, हेही पाहायचे. आणि गंज मुळात येतो कुठून? ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही, तर पिस्टनला आतून गंज धरतो.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती आम्हांला परीक्षेसाठी अभ्यासाला आहे. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. चाकांची अदलाबदल म्हणजे दुसरे काय आहे? अण्णांनी मिलचे नाव ऐकलेले नाही. आम्ही मिलचे नाव लिहून गुण मिळवतो; ते मिलची पद्धत वापरून चार माणसे सुखरूप घरी पाठवतात. तरी सुशिक्षित आम्ही, आणि ते अडाणी!

येथे माझा खरा मुद्दा येतो. गिऱ्हाईक नव्या पॅडचे पैसे निमूटपणे देते, पण तासभर शोध घेऊन नुसती पिन साफ करून दिली, तर म्हणते, “यात काय केलंस? पैसे कसले?” वस्तूला किंमत आहे, विचाराला नाही. परिणाम व्हायचा तोच होतो. शोधत बसण्यापेक्षा मिस्त्री सरळ पार्ट बदलतो. बिल फुगते, मूळ दोष आत तसाच राहतो आणि पावसाळ्यात घाटाच्या उतारावर एखादी गाडी अचानक समोरच्या वाहनावर जाते. मग आपण मिस्त्र्याला लुटारू म्हणतो. त्याला तसे व्हायला भाग पाडणारे आपणच असतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

कुणी म्हणेल, आता संगणक दोष सांगतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तो जोडायचा कुठे? आणि नव्या गाडीतही यंत्र आकडा दाखवते. त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. आमच्या गाइडांचे तरी वेगळे काय? उत्तर तयार मिळते. प्रश्न कसा सोडवायचा ते तेवढे राहून जाते. तयार उत्तर म्हणजे नवा पार्टच. बसवला, निकाल लागला, पुढच्या वर्षी पुन्हा तीच ओढ.

म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. तर्कशास्त्राचे दोन तास तरी गावातल्या एखाद्या गॅरेजात व्हावेत आणि तिथल्या कारागिराला त्या तासांचे मानधन मिळावे. विद्यार्थीमित्रांनाही एक सांगणे आहे. घरची गाडी दुरुस्तीला न्याल, तेव्हा “काय बदललं?” असे विचारण्याआधी “दोष कसा सापडला?” असे विचारा, आणि त्या उत्तराचे पैसे द्या. शोधणाऱ्या बुद्धीचे मोल द्यायला शिकलो, तरच आपण शिकलो असे म्हणता येईल.