एका हाती सूत्रे देण्याचा मोह

मोठे चक्रीवादळ येऊन गेले आणि सरकारची फजिती झाली, की एक उपाय हमखास पुढे येतो. खाती, समित्या, जिल्हा, राज्य, केंद्र ही सगळी भानगड बाजूला सारा आणि सूत्रे एका खमक्या माणसाच्या हाती द्या. तो लष्करातला असला तर उत्तमच. या मताच्या लोकांकडे दाखला मागितला, तर ते अमेरिकेतल्या २००५ सालच्या कॅटरिनाकडे बोट दाखवतात. पण कॅटरिनाची कागदपत्रे तारखांसकट वाचली, तर हा दाखला त्यांच्यावरच उलटतो.

आधी त्यांची बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. २९ ऑगस्ट २००५, सोमवारी सकाळी कॅटरिना लुइझियानातल्या ब्युरास गावाजवळ किनाऱ्याला धडकले. न्यू ऑर्लिन्सचे पूरबांध फुटले आणि सुमारे ऐंशी टक्के शहर पाण्यात गेले. कन्व्हेन्शन सेंटर नावाच्या सभागृहात वीसेक हजार माणसे अन्नपाण्यावाचून अडकली. सगळे जग ते टीव्हीवर पाहत होते, आणि अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री मायकेल चेर्टॉफ १ सप्टेंबरला रेडिओवर सांगत होते की तिथल्या हालांची बातमी आपल्यापर्यंत आलेली नाही. महापौर रे नेगिन, गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांची माणसे एकमेकांवर ढकलत होती. अशा वेळी बुधवारी लेफ्टनंट जनरल रसेल ऑनोरे शहरात उतरले. भारदस्त आवाज, भर रस्त्यात उभे राहून दिलेले हुकूम. हाच माणूस सोमवारी असता तर, असे कुणालाही वाटावे. शुक्रवारी मध्यरात्रीच्या सुमारास व्हाइट हाउसने ब्लँकोंना एक करारपत्र फॅक्सने पाठवले. राज्याचे नॅशनल गार्ड आणि केंद्राचे सैन्य दोन्ही ऑनोरेंच्या हाताखाली द्या, असा त्याचा अर्थ. ब्लँकोंनी सही केली नाही. लोक मरत असताना बाईंना खुर्ची सुटेना, असा शिक्का त्यांच्यावर बसला आणि पुढे फारसा पुसला गेला नाही.

आता तारखा पाहू. तो फॅक्स आला शुक्रवारी, २ सप्टेंबरच्या रात्री. कन्व्हेन्शन सेंटरचा ताबा घेऊन तिथे अन्नपाणी पोहोचवले गेले ते त्याच शुक्रवारी दुपारी, आणि ते काम केले सुमारे हजार नॅशनल गार्ड जवानांनी. हे जवान गव्हर्नरच्या अखत्यारीत होते. केंद्राचे सात हजारांवर सैनिक पाठवण्याची घोषणा बुश यांनी केली शनिवारी. म्हणजे ज्या सहीवाचून माणसे मेली असे सांगितले जाते, ती मागितली गेली तेव्हा सर्वांत वाईट दिवस उलटून गेले होते. आणि गार्ड केंद्राच्या ताब्यात देण्यात एक अडचणही होती. १८७८ च्या कायद्याने केंद्राच्या सैन्याला देशात पोलिसी काम करता येत नाही. गव्हर्नरच्या हाताखालच्या गार्डला करता येते. गार्ड पुरते केंद्राकडे गेले असते तर तो अधिकार नेमका बंदोबस्ताच्या वेळी अडचणीत आला असता.

एकहाती कारभाराच्या भक्तांना आणखी एक गोष्ट आठवत नाही. केंद्राने एक हात नेमलेला होताच. आपत्ती निवारण संस्था फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन यांना मंगळवारी मुख्य केंद्रीय अधिकारी म्हणून नेमले गेले. त्याने पाण्याची एक बाटलीही लवकर पोहोचली असे कुणी म्हणत नाही. ऑनोरेंचे जे दृश्य लोकांना आवडते, तेही नीट पाहावे. बंदुका रोखून फिरणाऱ्या सैनिकांना नळ्या खाली करायला सांगणारे ते हेच ऑनोरे. लोकांशी युद्ध नाही, मदत करायची आहे, हे त्यांना कळले होते. उलट गार्डच्या बंदुका भरलेल्या आहेत असा दम देणाऱ्या ब्लँकोंना त्या दिवशी ते कळले नव्हते. त्यांची वकिली करण्यासाठी मी हे लिहीत नाही.

मग चुकले कुठे? बसमध्ये. हे उत्तर ऐकायला फार किरकोळ वाटते, म्हणूनच ते कुणाला पटत नाही.

न्यू ऑर्लिन्समध्ये चौथा हिस्सा घरांकडे गाडी नव्हती. हे सगळ्यांना माहीत होते. जुलै २००४ मध्ये बॅटन रूजला ‘हरिकेन पॅम’ नावाच्या काल्पनिक वादळाची तालीम झाली होती. साठ हजार मृत्यूंचा अंदाज त्या तालमीत मांडला गेला होता. शहर बुडणार, माणसे अडकणार, सगळे त्यात होते. फक्त गाडी नसलेल्यांना बाहेर कसे न्यायचे, हा भाग पुढच्या बैठकीवर राहिला. २००५ च्या आराखड्यात राज्याने ते काम वाहतूक खात्याच्या नावावर लिहिले. खात्याच्या सचिवांनी नंतर सेनेटच्या समितीपुढे सांगितले की या जबाबदारीपोटी आपण काहीही केले नव्हते. हे आपल्या खात्याचे काम आहे हेच त्यांना मान्य नव्हते. वादळानंतर पाण्यात रांगेने उभ्या असलेल्या शाळेच्या पिवळ्या बसचे छायाचित्र जगभर छापून आले. त्या चालवायला ड्रायव्हर कुठून येणार, माणसे नेऊन उतरवायची कुठे, याची उत्तरे कुणी तयार ठेवली नव्हती. फेमाने सोमवारी पाचशे बसचे आश्वासन दिले. केंद्राच्या वाहतूक खात्याकडे ती मागणी पोहोचली बुधवारी पहाटे पावणेदोनला. लुइझियानातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीचे किंवा त्याहून मोठे होते. सेंट रीटाज नावाच्या एकाच वृद्धाश्रमात पस्तीस जण बुडाले. या माणसांना सोमवारी जनरल नको होता. त्यांना शनिवारी गाडी हवी होती.

शिवाय पूरबांध बांधले होते कुणी? केंद्राच्याच लष्करी अभियंता दलाने. आराखड्यातच दोष होते, हे त्या दलाने जून २००६ च्या अहवालात मान्य केले. एकाच्या हाती सगळे सोपवले की ते चोख होते, या समजुतीला याहून कडक उत्तर मला माहीत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक खुलासा लागेल. लुइझियानात जिल्हाधिकारी नसतो. तिथल्या जिल्ह्याला पॅरिश म्हणतात आणि त्याचा प्रमुख निवडून येतो. शहर खाली करा, हा हुकूम प्रत्यक्षात तिथे स्थानिक माणूसच काढतो. नेगिन यांनी तो रविवारी सकाळी काढला, वादळाला एक दिवसही उरला नसताना. हा उशीर अक्षम्य होता. यावर आपल्याकडचा अधिकारी म्हणेल, बघा, कलेक्टर असता तर! पण १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात कलेक्टर होतेच, आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१९ च्या फणीच्या वेळी बारा लाख माणसे आधीच हलवली गेली आणि मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला, तेव्हाही कलेक्टरच होते. मधल्या वीस वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगाव कुणी कुणाला न्यायचे ते ठरले, त्याच्या तालमी झाल्या. फरक पडला तो कलेक्टर असण्या-नसण्याने नाही.

लुइझियानाही निव्वळ अपयशाची कहाणी नाही, आणि माझ्या मते कॅटरिनाचा हाच भाग सर्वांत कमी सांगितला गेला आहे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाच्या भीतीने लोक निघाले आणि महामार्गावर कोंडले. न्यू ऑर्लिन्सहून बॅटन रूजपर्यंतच्या ऐंशी मैलांना कित्येकांना दहा तासांवर लागले. लोक संतापले. ब्लँकोंनी पोलीस आणि रस्ते खात्याला आराखडा नव्याने करायला लावला. समुद्राला लागून असलेले पॅरिश जोराचे वारे पोहोचण्याच्या पन्नास तास आधी निघणार, त्यांच्या आतले चाळीस तास आधी, न्यू ऑर्लिन्स तीस तास आधी. महामार्गाच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांना द्यायच्या; त्यासाठी शेजारच्या मिसिसिपी राज्याशी बोलणी झाली, कारण गाड्या त्यांच्या हद्दीत शिरणार. कोणत्या चौकात कोण उभा राहील हे ठरले, नकाशे छापून वाटले. २७ ऑगस्टला शनिवारी दुपारी चार वाजता हे सुरू झाले आणि दहा लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. यात कुणी एक सेनापती नव्हता. दोन राज्ये, डझनभर पॅरिश, पोलीस, अभियंते, आणि सगळ्यांच्या हातात एकच वेळापत्रक. त्याच सरकारने गाडीवाल्यांसाठी असे वेळापत्रक केले आणि बिनगाडीवाल्यांसाठी केले नाही. ब्लँकोंवरचा खरा आरोप हा आहे. सही न केल्याचा नाही.

वादळानंतरचे पाहा. राज्याच्या वन्यजीव व मत्स्य खात्याचे लोक आपल्या होड्या घेऊन सोमवारीच पाण्यात उतरले. छपरांवरून माणसे काढायची हे त्यांचे ठरलेले काम होते, म्हणून त्यांनी कुणाच्या फोनची वाट पाहिली नाही. तटरक्षक दलाने तेहतीस हजारांवर माणसे वाचवली, स्थानिक तुकड्यांना आधीच दिलेल्या मोकळिकीच्या जोरावर. देशभरातून पन्नास हजारांच्या आसपास गार्ड आले ते राज्याराज्यांमधल्या परस्पर मदतीच्या कराराने. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने फ्लोरिडाची दैना केल्यावर दक्षिणेच्या राज्यांनी तो करार सुरू केला होता. कोणाचा जवान, पगार कोण देणार, जखमी झाला तर भरपाई कोणाकडे, हुकूम कोणाचा, हे सगळे त्यात आधीच लिहिलेले. समन्वय म्हणतात तो हाच. फार कंटाळवाणा असतो, आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

एकहाती सत्तेचा प्रयोगही होऊन गेला, हे तिच्या पुरस्कर्त्यांना बहुधा ठाऊक नसते. ऑक्टोबर २००६ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घुसवले गेले: नैसर्गिक आपत्तीत राष्ट्राध्यक्षाला गव्हर्नरच्या संमतीवाचून गार्ड वापरता येईल. पन्नासच्या पन्नास गव्हर्नरांनी विरोध केला, दोन्ही पक्षांच्या. एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या या मंडळींचे त्यावर झाले. जानेवारी २००८ मध्ये ते कलम रद्द करावे लागले. पुढे मार्ग निघाला तो वेगळा: एकच अधिकारी राज्याचे आणि केंद्राचे दोन्ही हुकूम घेणार, पण गव्हर्नरच्या संमतीने, आणि तो आधीच प्रशिक्षित असणार. २०१२ च्या सँडी वादळात तो वापरला गेला. २००५ च्या त्या फॅक्समध्ये आणि यात फरक आहे तो वेळेचा.

आणि बस? १ सप्टेंबर २००८ ला गुस्ताव वादळ आले. या वेळी वाहतूक हे कुणाचे तरी मान्य केलेले काम होते. दक्षिण लुइझियानातून जवळजवळ एकोणीस लाख लोक बाहेर पडले आणि न्यू ऑर्लिन्सच्या अठरा हजारांना बस व रेल्वेने नेले गेले. परत आणताना मात्र पुष्कळ गोंधळ झाला.

माझ्या म्हणण्यावर खरा आक्षेप जनरल-भक्तांचा नाहीच. तो २९ ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळाचा आहे. हे वादळ मेक्सिकोच्या आखातात इतक्या वेगाने बळावले की महामार्ग एकतर्फी करायला लागणारे तीन दिवस मिळालेच नाहीत, आणि न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी सांगितले की सक्तीने शहर खाली करायला आता वेळ उरलेला नाही. बहात्तर तासांचे वेळापत्रक छत्तीस तासांच्या वादळाला पुरत नाही. याला उत्तर म्हणून आता शहरातच वीज, पाणी आणि थंडावा टिकवण्याची तयारी लागेल, आणि ती महाग आहे. त्याच आयडात सात वृद्धाश्रमांतल्या आठशेहून अधिक जणांना एका कोठारात नेऊन ठेवले गेले. त्यांतले काही दगावले. राज्याने सातही वृद्धाश्रमांचे परवाने रद्द केले, पण वादळानंतर. असे कोठार आधी जाऊन पाहायचे, तिथे किती संडास आहेत ते मोजायचे आणि नाही म्हणायचे, हे काम मे महिन्यातले, आरोग्य खात्यातल्या एखाद्या निरीक्षकाचे. सूत्रे एका हाती मागणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की त्यांचा जनरल मे महिन्यात त्या कोठारात जाणार आहे का?