विश्लेषण : घरच्या संगणकावर गाण्याचे ध्वनिमुद्रण कसे सुरू करावे? पैसे आधी कशावर खर्च करावेत?

अमेरिकी गायिका बिली आयलिशचा २०१९ मधील पहिला अल्बम बहुतांशी लॉस एंजेलिसमधील घरी, भाऊ फिनिअसच्या छोट्या खोलीत ध्वनिमुद्रित झाला. २०२० मध्ये त्याला ‘अल्बम ऑफ द इयर’चे ग्रॅमी मिळाले. ‘घरीच स्टुडिओ उभारा’ असे सांगताना हे उदाहरण हमखास दिले जाते आणि पाठोपाठ येते खरेदीची लांबलचक यादी. नवख्या गायक-वादकाचे पैसे वाया जातात ते इथेच. घरच्या ध्वनिमुद्रणात सर्वात जास्त फरक पडतो तो खोलीमुळे. महागड्या यंत्रांचा क्रमांक त्यानंतरचा.

किमान काय लागते?

संगणक, ऑडिओ इंटरफेस, एक माइक, त्याचा स्टँड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. इंटरफेस माइकमधून येणारा क्षीण विद्युत संकेत वाढवतो आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो टिपण्यासाठी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजणी करावी लागते, म्हणून सेकंदाला ४४,१०० नमुने पुरेसे ठरतात. २४ बिटमध्ये असा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे दहा ट्रॅक धरले, तरी ४०० एमबी. त्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?

लगेच नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० पासून मोफत उपलब्ध आहे. मॅकवर गॅरेजबँड मिळते. रीपर ६० दिवस वापरून मग विकत घेता येते. ट्रॅक कापणे, जोडणे, आवाजाची पातळी जुळवणे ही कामे या सगळ्यांत होतात. दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलणाऱ्यापेक्षा एकच नीट शिकणारा लवकर पुढे जातो.

खोलीला इतके महत्त्व का?

फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परतवतात. एकदा ट्रॅकमध्ये शिरलेला हा घुमारा नंतर पुरता काढता येत नाही. कंडेन्सर माइक संवेदनशील असतो. तो गळ्यातील बारकावे टिपतो, तसाच पंखा, शेजारचा कुकर आणि रस्त्यावरचा हॉर्नही टिपतो. वर्दळीच्या वस्तीत डायनॅमिक माइक बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतो. तोंडापासून वीतभर अंतर ठेवावे, गायकाच्या मागे जाड गोधड्या टांगाव्यात आणि पंखा बंद करावा. कपड्यांनी भरलेले उघडे कपाटही घुमारा बराच शोषून घेते. पातळी ठेवताना सर्वात मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. लाल दिवा लागला की तो स्वर फाटलाच.

स्वतःचाच आवाज उशिरा का ऐकू येतो?

संगणक नमुने गटागटाने हाताळतो. गट १,०२४ नमुन्यांचा असेल तर नुसता तो भरायलाच २३ मिलिसेकंद लागतात आणि गायकाची लय ढळते. १२८ नमुन्यांना ३ मिलिसेकंद पुरतात. हवेत एक मीटर जायला ध्वनीला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे गाताना गट लहान ठेवावा आणि मिक्सिंग करताना मोठा. विंडोजवर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर टाकावा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय असेल, तर संगणकाला वळसा घालून आवाज थेट कानात येतो.

आपल्या संगीतासाठी वेगळे काय?

बहुतेक मार्गदर्शन पाश्चात्त्य पॉप संगीत गृहीत धरते आणि ‘क्लिक’च्या ठोक्यावर गायला सांगते. अभंगात लय वाढत जाते. तिथे क्लिक लावला तर गाणे ताठर होते. अशा वेळी टाळ किंवा तबल्यासह एक कच्चा ट्रॅक घ्यावा आणि त्यावर बाकीचे साथीदार बसवावेत. दुसरी अडचण पेटीची. अनेक पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणात तंतोतंत लागलेल्या नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरमधील वाद्ये सोबत बेसूर वाटतात. पेटीचे स्वर बदलणे कठीण, म्हणून सॉफ्टवेअरमधील वाद्येच तिच्याशी जुळवून घ्यावीत.

मग स्टुडिओची गरज संपली का?

नाही. मोठा वाद्यवृंद आणि अनुभवी ध्वनिमुद्रकाचा कान घरी मिळत नाही. मात्र स्टुडिओत तास मोजले जातात. तिथे कच्ची तयारी महाग पडते. घरी तीच चूक वीस वेळा फुकट करता येते. शिवाय मालकीचा प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो, ज्याने त्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेतली. हा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणात ती जागा सहसा कलाकाराचीच असते. मात्र दुसऱ्याचे शब्द किंवा चाल वापरायची असेल, तर तिची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

सगळ्यांनाच अल्बम काढायचा नसतो. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आजी अनेक घरांत अजून आहे आणि तिच्यासाठी स्टुडिओची वेळ कोणी ठरवणार नाही. एक माइक, शांत दुपार आणि दोन ठिकाणी जपून ठेवलेली फाइल एवढ्यावर तो आवाज पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकतो. यंत्रांची यादी पूर्ण होण्याची वाट पाहण्यात ही दुपार निसटू नये.